आढ्याची कडी

माझं तोंड फटकळ आहे. सासू म्हणते, हिला घटकाभर गप्प बस म्हटलं तर हिचं पोट दुखेल. दुखत असेल. पण या तोंडानं मी आजवर कुणाचं वाटोळं केलं नव्हतं. केलं ते एकाच शब्दानं, आणि मेला तो शब्दही खरा होता.

माझं काम अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करायचं. अंघोळ, कपडे, भरवणं, कूस पालटणं, घाण काढणं. केंद्रावरून घर ठरवून देतात आणि तासही ठरवून देतात. लोहाराचं घर तीन वर्षं माझ्याकडे होतं. रोज सकाळी सात ते अकरा, चार तास.

घरात माणसं दोनच. लोहारकाकांचे डोळे भट्टीनं खाल्लेले, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. आणि काकू. पोरगा एक होता, तो लांब कामाला गेला तो तिकडचाच झाला. काकूंनी जन्मभर नवऱ्यासमोर उभं राहून घण मारला. काका लाल लोखंड सांडशीत धरायचे, लहान हातोडीनं टिचकी द्यायचे, की काकूंचा घण बरोबर तिथं. पुढे काकांना दिसेनासं झालं, तर दुकानाच्या छपराचा पत्रा ठोकायलाही काकूच चढल्या आणि पाठीवर पडल्या. कमरेखालचं सगळं गेलं.

"अर्धी मी आहे आणि अर्धी गोणी आहे," काकू म्हणायच्या. "तू मेली गोणीचे लाड करतेस आणि मला शिव्या घालतेस."

"गोणी उलटून बोलत नाही," मी म्हणायचे.

मला त्या भिंगरी म्हणत. एका जागी माझा पाय ठरत नाही म्हणून.

असं माणूस एकाच अंगावर पडून राहिलं की कातडी सडते. आधी लाल डाग, मग फोड, मग खड्डा, आणि खड्डा एकदा पडला की तो आतल्या आत हाडापर्यंत जातो. लोहाराच्या घरात तीन वर्षांत मी एक डागसुद्धा टिकू दिला नव्हता. सकाळी गेले की पहिलं काम अंग उघडं करून बघायचं, टाचा, घोटे, माकडहाड, खांदे. लाल दिसलं की दिवसभर तिथं वजन पडू द्यायचं नाही. उशा कुठे लावायच्या ते काकांच्या हाताला शिकवलेलं होतं. त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू?

दोरी ही माझीच अक्कल. काकूंचे हात असले दणकट, माझे दोन मिळून त्यांचा एक. म्हटलं, वर धरायला काहीतरी असेल तर ही बाई बसेल. पाठ मोकळी होईल, वारा लागेल. काका म्हणाले, "आढ्याला कडी ठोकू." म्हटलं, बाजारातून आणते. तर केवढे चिडले! लोहाराच्या घरात विकतची कडी? चार वर्षं थंड पडलेली भट्टी त्यांनी पेटवली. भाता मी ओढला. लोखंड किती तापलं ते रंगावरून कळतं आणि काकांना रंग दिसत नाही. तर काकू आतून, खाटेवरून ओरडून विचारत होत्या, "कसा आहे गं रंग? नारिंगी? थांब अजून. पिवळा होऊ दे. झाला? आता मारा हो!" आणि काका मारत होते. घणाला कुणी नव्हतं, एकटेच हातोडीनं मारत होते. कडी जरा वाकडी झाली. त्यामुळे दोरीवर वजन आलं की ती कुर्र करून वाजायची.

सहा महिने आम्ही ते शिकलो. काकू दोरी धरून ओढायच्या, मी मागून पाठीला गुडघा लावायचा. गुडघा लावल्याशिवाय जमायचं नाही, कारण कमरेत धरच नाही, दोरी सुटली तर माणूस डोक्यावर पडायचा. रोज थोडं थोडं. शेवटी एकदाच्या ताठ बसल्या. काका बाहेर ओसरीवर चहा पीत होते. कडी वाजली तसे तिथूनच ओरडले, "बसली!"

मग ते रोजचंच झालं. आत कडी कुर्र वाजायची आणि बाहेरून आवाज यायचा, "बसली!" काकू म्हणायच्या, "जसं काही यांनीच बसवलं." पण त्यांचा चेहरा तेव्हा बघावा.

त्या वर्षी तपासणी आली. कुणाला किती तास द्यायचे ते आता कागदावरून ठरणार होतं. केंद्रावरच्या मोठ्या बाईंनी एवढंच सांगितलं, "सोमवारी येतील, घरी राहा." मी सोमवारी पहाटेच गेले. काकूंचे केस धुतले, विंचरून वेणी घातली. धुतलेली चादर, धुतलेले कपडे. खोली दोनदा पुसली. काकांच्या अंगात ठेवणीतला सदरा घातला. घरात वास म्हणून येऊ द्यायचा नाही, असं माझं पहिल्यापासून. लोक अंथरुणातल्या माणसाच्या घरी येतात ते नाकावर हात ठेवायच्या तयारीनंच येतात. लोहाराच्या घरी कुणाचा हात वर गेला नव्हता.

तपासणीची बाई म्हणजे पोरगीच होती. उन्हातून आलेली, धुळीनं भरलेली, बोलायला गोड. पाणी प्यायली आणि म्हणाली, "किती छान ठेवलंय हो तुम्ही घर!" मी फुगले. तिनं कागद काढला. "मी विचारीन ते हो किंवा नाही एवढंच सांगा. मधलं काही लिहायला जागा नाहीये यात."

विचारत गेली, आम्ही सांगत गेलो. जेवण स्वतःच्या हातानं? हो. बोलणं समजतं? "समजतं म्हणजे? उलटं येतं," मी म्हटलं. ती हसली. काकूही हसल्या. अंगावर जखम? मी कूस पालटून दाखवली. नाही. कुठेच नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता ही केंद्रावर जाऊन माझं नाव काढणार.

"स्वतः उठून बसतात का?"

मी म्हटलं, "दाखवा काकू."

काकूंनी दोरी धरली. मी मागून गुडघा लावला. कडी वाजली. बाहेरून काका ओरडले, "बसली!" पोरीनं टाळ्या वाजवल्या. आणि काकू, माझ्याकडे न बघता, ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "काढ."

"काय?"

"गुडघा काढ गं."

असं आम्ही कधी केलं नव्हतं. एकदाही नाही. पण काकूंची मान अशी ताठ होती की मला मोह पडला. मी गुडघा काढला. मागे हात धरून ठेवले, लागू दिले नाहीत. काकू बसून राहिल्या. दंडाचे स्नायू थरथरत होते, कपाळावर घाम आला, पण बसून राहिल्या. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. अकरापर्यंत गेले.

"म्हणजे हो?" पोरगी म्हणाली.

"हो!" मी म्हटलं. "हो म्हणजे काय, बघितलंत ना डोळ्यांनी!"

तिनं खूण केली. खाली सोबतच्या माणसाची सही लागते म्हणाली, ती मी एका हातानं केली. ती दाराबाहेर पडली तशी काकूंच्या हातातून दोरी सुटली. मी झेलल्या. दुपारपर्यंत त्यांचे हात कापत होते, चहाचा कप मला धरावा लागला. "पास झाले ना गं मी?" म्हणाल्या. म्हटलं, पहिल्या नंबरानं.

पंधरा दिवसांनी मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. लोहाराच्या घरी आता आठवड्यातून तीन दिवस, एक एक तास. बाकीचा माझा वेळ खाणीजवळच्या वस्तीवर. तिथं एक म्हातारे होते, त्यांना कुणीच नव्हतं.

मला वाटलं नजरचूक झाली असेल. मोठ्या बाईंनी कागद पुढे सरकवला. उठून बसते, हो. जखम, नाही. बिछाना स्वच्छ, हो. घरात दुसरं माणूस, हो.

"ते आंधळे आहेत," मी म्हटलं.

"माणूस आहे ना? तेवढंच विचारलंय त्यात."

"अहो, जखम नाही कारण मी रोज चार तास मरमर मरते तिथं! मी गेले की महिन्यात होईल."

"मला कळतं गं. मला सांगून काय उपयोग? तसा रकानाच नाहीये." मग त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "आणि सही कुणाची आहे बघ."

सही माझीच होती, चांगली टपोरी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. परत येताना रस्त्यात मी स्वतःला काय काय शिव्या घातल्या ते सांगत नाही.

काकूंना सांगितलं तर त्या आधी हसल्या. "म्हणजे मी पास झाले म्हणून शिक्षा?" काका म्हणाले, "तू शिकव मला. मी करीन सगळं. हातांना डोळे लागत नाहीत."

कापणीचे दिवस सुरू झाले होते. दिवस उजाडला की अख्खी आळी शेतावर, घराघराला कुलूप. ऊन असं की लोहाराच्या घराचा पत्रा दहा वाजल्यापासून तडतडायचा आणि काकूंच्या पाठीखालची चादर घामानं भिजायची. माझा तास नसेल त्या दिवशी मी वस्तीवर जायच्या आधी वाट वाकडी करून जायची. दहा मिनिटं मिळायची. दहा मिनिटांत पुसू, की कपडे बदलू, की कूस पालटू? एक केलं की दोन राहायचं. दोरी तर तशीच लोंबत राहिली. मागे गुडघा लावायला माणूस लागतो, आणि काकांचे गुडघे त्यांचे त्यांनाच उचलत नव्हते.

कूस पालटायला मात्र ते शिकले. मी एकदा दारात उभी राहून बघत होते. काकू खाटेवरून हुकूम सोडत होत्या, "डावा हात खाली घाला. अजून. तो माझा पाय आहे, उशी नाही. हं, आता ओढा." आणि काका ओढायचे. जन्मभर त्यांनी टिचकी द्यायची आणि काकूंनी घण मारायचा, आता त्या सांगायच्या आणि हे जोर लावायचे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण जोर पुरत नव्हता. तेही दिसत होतं.

एका गुरुवारी संध्याकाळी मी वस्तीवरून परत येत होते. लोहाराचं दार सताड उघडं आणि आत दिवा नाही. मी हाक मारली.

"ये भिंगरी," काकूंचा आवाज आला, पण खालून आला. "आम्ही जरा जमिनीवर बसलोय. गार वाटतं."

खाट आणि भिंतीच्या मधे काकू पडल्या होत्या. एक पाय खाटेच्या कोपऱ्यात अडकलेला. काका भिंतीला टेकून बसले होते आणि काकूंचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. खालची फरशी ओली होती, काकांचं धोतरही ओलं होतं. दुपारी कूस पालटताना हात निसटला होता, बाराच्या सुमाराला. मी आले तेव्हा सहा वाजून गेलेले. काकांनी हाका मारून मारून घसा बसवला होता, आळीत ऐकायला कुणी नव्हतं. बाहेर जायचं तर काकूंना एकटं टाकायचं, आणि वाट चुकले तर तेही गेले.

"मी म्हटलं यांना, चुलीपर्यंत जा आणि निदान पाणी आणा," काकू म्हणाल्या. "तर डोकं खाली ठेवेनात. फरशी कडक आहे म्हणे."

काकांची मान खाली होती. मी शेतावरून परतणाऱ्या दोन बाया बोलावल्या, चौघांनी मिळून काकूंना वर घेतलं. बायांनी नाकाला पदर लावला. मी बघितलं ते, आणि काकूंनीही बघितलं.

कपडे काढले तर माकडहाडावर तळहाताएवढा डाग. लाल नाही, जांभळा. बोटानं दाबला तरी पांढरा होईना. मला कळलं, आतून सडायला लागलंय.

"काय आहे गं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. माझ्या आयुष्यात मी इतकं कमी कधी बोलले नसेन.

आठ दिवसांत तो फुटला. मी केंद्रावर जाऊन बसले ती मोठ्या बाई भेटल्याशिवाय उठलेच नाही. त्यांनी ऐकून घेतलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पुन्हा तपासणी मागता येते. महिनाभरानं येतील. पण या वेळी नीट ऐक. तू आवरून ठेवतेस ना, तेच नडलं. जशी आहे तशी दिसू दे. आणि ती दोरी काढ. दोरी दिसली की पुन्हा विचारतील."

"तोवर जखम वाढेल की."

"मलमपट्टीला नर्स पाठवते आठवड्याला. याहून जास्त माझ्या हातात नाही."

काकूंना पटवणं सोपं नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली बाई. "घाणीत पडून दाखवू? त्या पोरीला? मी नाही दाखवणार. मेले तरी चालेल."

"तुम्ही मेलात तर चालेल हो," मी म्हटलं, "पण मरत नाही ना माणूस लगेच. कुजतं. काका हातानं चाचपून बघतील आणि त्यांना कळेल तुम्हाला काय झालंय ते. चालेल?"

असं मी बोलले. काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मग म्हणाल्या, "काढा हो ती कडी."

काका म्हणाले, "मी ठोकलेली आहे. मी नाही काढणार."

"मग मी उठून काढू?"

काका स्टुलावर चढले. मी पाय धरले. चाचपत चाचपत त्यांनी कडी उपसली, सदऱ्याला पुसली आणि हत्यारांच्या पेटीत ठेवली. दोरीचं वेटोळं करून उशाशी ठेवायला गेले, तर काकू म्हणाल्या, "नजरेआड ठेवा."

तो महिना कसा गेला ते काय सांगू! दोन वेळा ताप येऊन गेला. काकूंचं जेवण तुटलं. पेटीत कडी होती आणि आढ्याला भोक होतं, काकू उताण्या असल्या की त्या भोकाकडे बघायच्या. तपासणीच्या आधीचे दोन दिवस माझ्या एक-एक तासात मी काही केलं नाही. पाणी पाजलं, औषध दिलं आणि बसून राहिले. हात शिवशिवत होते. केसांच्या जटा झालेल्या, नखांत घाण, चादरीवर डाग. आपल्याच हातानं आपलंच काम नासवत बसायचं! स्वयंपाक करणारीनं मुद्दाम जेवण जाळावं तसं ते होतं. काकू एकदाच म्हणाल्या, "तोंड तरी पूस गं." मी म्हटलं, "उद्या झालं की पुसते."

तीच पोरगी आली. दारातच थबकली आणि तिचा हात वर गेला, नाकावर. तिनं लगेच खाली घेतला, भली होती ती. पण गेला तो गेला. काकूंनी डोळे मिटून घेतले.

मी कूस पालटली. पट्टी काढली. त्या खड्ड्यात माझा अंगठा मावला असता. पोरगी पांढरीफटक पडली. "हे आधी का नाही कळवलंत?" म्हणाली. मी माझी जीभ दातांत धरली. फोटो काढावा लागेल म्हणाली, तिनं तो काढला. काकू उघड्या पडलेल्या होत्या, बाहेर ओसरीवर काका बसले होते आणि त्यांना सगळं ऐकू जात होतं.

मग तिनं कागद काढला.

"स्वतः उठून बसता येतं का?"

काकूंचे डोळे मिटलेलेच होते. पोरीनं खाली वाकून, मायेनं विचारलं, "मागच्या वेळी किती छान बसला होतात हो तुम्ही. मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं."

काकूंनी डोळे उघडले. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तसं बघणं देवानं पुन्हा माझ्या वाट्याला देऊ नये.

"नाही," काकू म्हणाल्या. "बसता येत नाही मला."

पोरीनं खूण केली. खाली सही मीच केली.

ती गेल्यावर काका आत आले, भिंतीला हात लावत लावत. गालातल्या गालात हसत होते. "काय खोटं बोललीस गं! जन्मात पहिल्यांदा. मी बाहेर श्वास धरून बसलो होतो, म्हटलं ही आता बढाई मारते आणि सगळं घालवते." मी पाणी तापवायला ठेवलं आणि डोक्यापासून पायापर्यंत काकूंना धुतलं. माझा तास केव्हाच संपला होता.

तीन आठवड्यांनी निकाल आला. चार तास, रोज, पूर्वीसारखे. दर सहा महिन्यांनी तपासणी. मी केंद्रावरून जी निघाले ती धावतच. रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटले. लोहाराच्या ओसरीवरून ओरडले, "काका, मिळाले! चारच्या चार!"

काका ताडकन उठले. इतके चपळ मी त्यांना बघितलं नव्हतं. पेटी ओढली, चाचपून कडी काढली, हातोडी काढली. "स्टूल धर गं," म्हणाले. मी म्हटलं, धीर धरा, आधी मला काकूंना बघू द्या. तर ऐकेनात. स्टुलावर चढले, आढ्याचं भोक बोटानं शोधलं आणि ठोकायला लागले. ठण् ठण् आवाज घरभर झाला. कितीतरी दिवसांनी त्या घरात ठोकल्याचा आवाज येत होता. मी एका हातानं स्टूल धरलं होतं आणि खाटेकडे बघत हसत होते.

काकू हसत नव्हत्या. त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं. मी वाकले. वर काका ठोकत होते, म्हणून काकूंना कानाशी बोलावं लागलं.

"त्या दिवशी नाही म्हटलं, तेव्हा वाटलं आपण खोटं बोललो," काकू म्हणाल्या. "पोरगी एवढी मायेनं विचारतेय आणि आपण खोटं बोलतोय. दोन दिवस घास उतरला नाही. मग दुपारी हे झोपले, तेव्हा मी खाटेची पट्टी धरून उठायला बघितलं."

"मग?"

"रोज बघितलं. तीन आठवडे." त्यांनी हात माझ्यासमोर धरला. तो दंड गेलाच होता, नुसती कातडी लोंबत होती. मी इतके दिवस त्या खड्ड्याकडेच बघत होते, हातांकडे बघितलंच नव्हतं. "मी खरंच बोलले होते गं भिंगरी. त्या दिवशी कळलं नाही एवढंच."

मी म्हटलं, "येईल परत. शिकू आपण. सहा महिने लागले होते, या वेळी वर्ष लागेल."

"आणि आलं की? बाई येईल. विचारेल."

मी वर ठोकणाऱ्या काकांकडे बघितलं.

"काकांना सांगू?"

"खबरदार," काकू म्हणाल्या.

वर ठोकणं थांबलं. काका उतरले, कपाळाचा घाम पुसला. "झाली घट्ट. बांध दोरी. मी बाहेर थांबतो, तुमचं चालू द्या," असं म्हणून चाचपत ओसरीवर गेले आणि दाराकडे कान करून, मान जरा तिरपी करून उभे राहिले. बसलेसुद्धा नाहीत.

मी दोरी बांधली. काकूंच्या हातात दिली. पाठीला गुडघा लावला. एक लावला, मग दुसराही लावला. जखमेला धक्का लागणार नाही असं बघितलं. काकूंची बोटं दोरीवर मिटली, दात आवळले गेले, मानेच्या शिरा ताणल्या. अंग जागचं हललं नाही. पुन्हा ओढलं. नाही. काकूंनी माझ्या गुडघ्यावर डोकं टाकलं.

"आता सगळीच गोणी," त्या म्हणाल्या.

बाहेर काका तसेच उभे होते. तोंड थोडं उघडं होतं, ओरडायच्या तयारीत.

मी काकूंच्या हातांच्या वर दोरी धरली आणि माझं सगळं वजन तिच्यावर टाकलं. कडी कुर्र करून वाजली.

"बसली!" काका ओरडले. मग हसत, जरा घाबरत, पुन्हा विचारलं, "बसली ना गं?"

"हो," मी म्हटलं. "बसल्या."